हॅलच्या पुंगळ्या

इकडच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नव्यानं ओळख झालेल्या कुणी "तुम्ही काय करत होता?" असं विचारलं, की माझा नवरा श्रीकांत घाईघाईनं मधे पडतो. "ही क्वालिटी कंट्रोलमध्ये होती," तो सांगून टाकतो. ते खोटं नाही. पण २००२ ते २००८ अशी सहा वर्षं मी बंदुकीची काडतुसं भरत होते. हातानं, एकेक करून. हे ऐकलं की समोरच्या बाई बटाटेवड्याची प्लेट घेऊन अर्धं पाऊल मागे सरकतात. म्हणून ठरवलं, मंडळाच्या या अंकात एकदाचं सगळं लिहून टाकावं. त्यातलं जे श्रीकांत सोडून कुणालाच सांगितलेलं नाही, तेसुद्धा.

सांगलीला आमचं सोनारकामाचं दुकान. वडील गुंजांनी वजन करायचे आणि काट्याजवळ कुणाला शिंकू द्यायचे नाहीत. मी बी.एस्सी. झाले, लग्न होऊन इकडे परदेशात, ट्रॉयला आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मापं तपासायला लागले. सतरा वर्षं तिथंच होते. २००१ संपता संपता कंपनीनं आमची खोली बंद केली. चाळिशी उलटलेल्या, मापं घ्यायच्या बाईला कोण घेणार? तेवढ्यात एका गावच्या पेपरात दोन ओळींची जाहिरात दिसली: वजन करायला स्थिर हाताचं माणूस हवं. मला वाटलं, औषधांचं काहीतरी असेल.

ट्रॉयहून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर, गुरांच्या खाद्याच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड होती. मालक वॉल्ट, सत्तरीचा, उंच, कमरेतून किंचित वाकलेला. त्याच्या उजव्या गालात निळसर बारीक ठिपके होते, कुणी शाईचा पेन झटकावा तसे. त्यानं माझ्यापुढे दहा पितळी नळ्या ठेवल्या आणि विचारलं, "यातल्या जड कुठल्या?" मी एकेक तळहातावर घेतली आणि दोन बाजूला काढल्या. त्यानं त्या काट्यावर टाकून पाहिल्या. "सोमवारी ये," तो म्हणाला. या नळ्या कसल्या, हे मी त्यानंतर विचारलं.

वयाच्या मानानं मी त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करायचे. तोंडानं मात्र वॉल्ट म्हणावं लागायचं, आणि त्याची सवय व्हायला मला सहा महिने लागले. मी त्याच्यासाठी नॅली झाले, कारण नलिनी त्याच्या जिभेवर बसेना.

आता धंदा सांगते. काडतूस म्हणजे चारच वस्तू. एक पितळी पुंगळी. तिच्या बुडात प्रायमर नावाची छोटी टोपी, जिच्यावर बंदुकीची सुई आपटते. आत जळणारी पावडर. आणि तोंडात घट्ट बसवलेली बुलेट. बार उडाला की बुलेट जाते, पुंगळी मागे उरते. ती फेकायची नसते. साफ करून, तोंड आवळून पुन्हा भरायची. कारखान्यातलं काडतूस कुणाच्याही बंदुकीत बसावं म्हणून केलेलं असतं. आमचं काडतूस एका बंदुकीसाठी, एका माणसासाठी. आमची गिऱ्हाइकं हजार यार्डांवरच्या कागदी निशाणावर नेम धरणारी, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवर. तिथं पावडरीचे दोन दाणे इकडचे तिकडे झाले तरी बुलेट वितीभर वर-खाली जाते. शिकारी आमच्याकडे येत नसत, त्यांना एवढी चिकित्सा लागत नाही. सरकारी परवाना होता, वह्या होत्या, तपासणीला माणूस यायचा. मी स्वतः बंदूक कधी हातात धरली नव्हती, आणि वॉल्टनं कधी धर म्हटलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक दातांचा डॉक्टर, त्याला माझ्या सर्दीच्या दिवसांत भरलेलं काडतूस चालायचं नाही. गणिताचे एक निवृत्त मास्तर रिकाम्या पुंगळ्या नाकाला लावून हुंगायचे आणि मान डोलवायचे. काय कळायचं देव जाणे. पण ही माणसं कधी आवाज चढवून बोलली नाहीत, आणि माझ्या साडीवर जाकीट घालून येण्यावर कुणी शब्द काढला नाही. आमच्या कारखान्यात मात्र काढायचे.

वॉल्टचे नियम थोडे आणि कडक होते. बाकावर एका वेळी पावडरीची एकच बरणी. माप टाकायचं यंत्र, ज्याला आम्ही हॉपर म्हणायचो, ते संध्याकाळी रिकामं करून फळीवर पालथं घालायचं. शुक्रवारी सगळ्या बरण्यांचं वजन करून आठवड्यात काढलेल्या पावडरीशी ताडून पाहायचं. नियम का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. वॉल्टनं गालावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "तेवीस वर्षांचा होतो. दोन पावडरी दिसायला सारख्याच असतात, काळसर करड्या. एक सावकाश जळते, एक झटकन. सावकाशच्या जागी झटकन गेली तर काटा काही बोलत नाही. वजन बरोबर असतं ना. बंदुकीचा बोल्ट तोंडावर येतो." बोल्ट म्हणजे काडतुसामागे बसणारा लोखंडी दांडा, नेम धरणाऱ्याच्या गालापासून चार बोटांवर असतो.

मला त्या कामात सगळ्यात आवडायचं ते उडवलेल्या पुंगळ्या वाचणं. पितळ मऊ असतं, बार उडताना ते फुगून बंदुकीच्या आतल्या घराचा ठसा घेतं. सुई कुठं आपटली, टोपी किती चपटली, काजळी कुठवर आली, सगळं त्यावर उमटतं. पुंगळी पाहिली की माणूस घाईत होता की शांत, हे मी सांगू शकते, अशी माझी प्रौढी होती. वॉल्ट ऐकून घ्यायचा.

आणि सगळ्यांत सुरेख पुंगळ्या हॅलच्या यायच्या.

हॅल उत्तरेला आणखी सव्वा तासावर राहायचा. म्हातारा, कमी बोलणारा, अंगात ताडपत्रीचा कोट, डोक्यावर करडी टोपी. महिन्यातून एकदा पन्नास रिकाम्या पुंगळ्यांचा डबा काउंटरवर ठेवायचा, वर काय हवं त्याची चिठ्ठी, बारीक उभ्या अक्षरात. त्याची बायको डोरिस बाहेर ट्रकमध्ये बसून असायची. मी खिडकीतून हात करायचे, ती हात करायची. चार वर्षांत तिच्याशी एक वाक्य बोलले नव्हते.

हॅलची एक रीत होती. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर एक ते पन्नास नंबर आणि काठावर कानशीनं केलेली इवलीशी खूण. काडतूस बंदुकीत घालताना ती खूण नेहमी वर. बंदूक रिकामी पुंगळी ओढून काढते तेव्हा काठावर ओरखडा उठतो, आणि हॅलच्या पन्नासही पुंगळ्यांवर तो ओरखडा खुणेपासून त्याच जागी असायचा. अशी शिस्त मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. दुसरी रीत म्हणजे उडवताना तो पन्नासपासून उलटा यायचा. "एकावर आलो की घरी जायचं," एवढंच त्यानं एकदा सांगितलं होतं. २००३च्या उन्हाळ्यापासून त्याचा नेम आणखी सुधारला. भोकं एकमेकांना चिकटलेलं कागदी निशाण तो मला आणून द्यायचा, मी ते बाकावर टाचणीनं लावायचे. माझा हात बसत चाललाय, असं मला वाटायचं.

२००६च्या एप्रिलमध्ये हॅल गेला. हृदयविकार, झोपेत. वॉल्ट आणि मी अंत्यविधीला गेलो. शवपेटीवर ती करडी टोपी ठेवली होती. डोरिस खुर्चीत ताठ बसून होती, तिच्याजवळ नातेवाइकांचा घोळका होता. त्यांची मुलगी वॉल्टला म्हणाली, आईला मी ॲरिझोनाला नेतेय, घर बंद करणार. परतताना गाडीत वॉल्ट एवढंच बोलला, "चांगलं गिऱ्हाईक होतं."

जूनमध्ये पार्सल आलं.

मी ते उघडलं आणि उभीच राहिले. पन्नास रिकाम्या पुंगळ्या, धुऊन पुसलेल्या. वर चिठ्ठी, त्याच बारीक उभ्या अक्षरात: नेहमीप्रमाणे. पत्ता हॅलच्याच घराचा. मी भिंग काढलं. मार्चमध्ये मी भरलेलीच ती काडतुसं होती, मरणापूर्वी त्यानं नेलेली. म्हटलं, मार्चमध्येच उडवली असतील. पण पितळ उघड्यावर राहिलं की आठवड्याभरात त्याचा रंग उतरतो, आणि यांच्या तोंडाशी बार उडाल्याचा ताजा निळा-तपकिरी झगमगाट होता. ओरखडा खुणेपासून त्याच जागी होता, पन्नासच्या पन्नासांवर.

मी वॉल्टला बोलावलं. त्यानं चिठ्ठी पाहिली, पुंगळी पाहिली आणि जागेवर ठेवली. "भर," तो म्हणाला.

"पण वॉल्ट, हॅल तर..."

"पितळ हॅलचं आहे. आपण पितळ भरतो." तो वळला आणि दिवसभर माझ्या बाकाकडे फिरकला नाही. चाळीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस, पण विचारायला घाबरला, हे मला स्वच्छ दिसलं. मीही विचारलं नाही.

जुलैत पुन्हा. ऑगस्टमध्ये पुन्हा. एकदा धीर करून मी त्या घरी फोन लावला. चार वेळा वाजला आणि हॅलचा आवाज आला: "हॅल आणि डोरिस लाइनवर गेलेत. निरोप ठेवा." मशीन होतं हे मला कळत होतं. तरी हात भाजावा तसा मी फोन खाली ठेवला. त्यांच्या घरामागून पूर्वी एक रेल्वे जायची. रूळ कधीच काढून नेले होते, पण झाडांमधली सरळ पट्टी राहिली होती, तिच्या टोकाला टेकडी. हॅल तिथंच नेम धरायचा आणि त्या जागेला लाइन म्हणायचा.

"अगं, कुणीतरी रिलेटिव्ह असेल यार," श्रीकांत चहा घेताना म्हणाला. "रायफल विकली असेल, ज्यानं घेतली तो पाठवतोय. सिंपल आहे."

"आणि अक्षर?"

"अक्षर काय, कॉपी करतात लोक."

"ओरखडा कोण कॉपी करेल, श्रीकांत? तो कुणाला दिसतही नाही. मला सोडून."

त्यानं कप खाली ठेवला. "मग तू जॉब सोड. सीरियसली. मला हे काही ठीक वाटत नाहीये."

मी सोडला नाही. खरं सांगते, भीती वाटायची आणि वाटही पाहायचे. पार्सल उशिरा आलं तर जीव वरखाली व्हायचा. पुंगळ्या वाचताना वाटायचं, हा माणूस गेलेला नाही, पितळ तसं म्हणतच नाही. नेम तोच, शिस्त तीच, घाई नाही. माझं सगळं कसब ज्या पितळावर, ते मला सांगत होतं की हॅल जिवंत आहे, आणि मी तर त्याची पेटी खाली उतरताना पाहिली होती.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी दुपारी मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची काडतुसं भरत होते. जवळच्या अंतराच्या नेमाची, झटकन जळणाऱ्या पावडरीची. काम संपत आलं आणि हॅलचं पार्सल आलं. चिठ्ठीत यावेळी आणखी एक ओळ होती: नॅलीला सांग, तिची काडतुसं सरळ जातात.

माझं नाव. मेलेल्या माणसाच्या अक्षरात माझं नाव.  बरणी फळीवर ठेवली ती यांत्रिकपणे, वॉल्टला "बरं वाटत नाही" म्हटलं आणि घरी गेले. चार वर्षांत पहिल्यांदा हॉपर पालथं घातलं नाही.

बुधवारी सकाळी आले, आणि आल्या आल्या हॅलच्याच पुंगळ्या पुढ्यात घेतल्या. कधी एकदा हातावेगळ्या होतील असं झालं होतं. हॅलच्या पावडरीची बरणी घेतली, हॉपरमध्ये ओतली. हॉपरची नळी काचेची, पण तळ लोखंडी. त्यात काय उरलंय ते बाहेरून दिसत नाही. एक ते पन्नास, प्रत्येक भरणी काट्यावर घेतली, चिमट्यानं दाणा टाकला, दाणा काढला. काट्यानं हूं की चूं केलं नाही. त्याच दिवशी डबा रवाना झाला.

शुक्रवारी बरण्यांची वजनं करायला बसले. हॅलच्या पावडरीची बरणी जड निघाली. मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. पन्नास काडतुसांची पावडर काढली होती आणि बरणीतून गेली होती त्रेचाळिसांची. सात काडतुसांची पावडर बरणीत वाढली होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, त्यानं परत आणून ठेवली.

मग हात आपोआप दुसऱ्या बरणीकडे गेला, मंगळवारच्या. ती सात काडतुसांइतकी हलकी होती.

हॉपरमध्ये तळाचं आधी बाहेर पडतं. एक ते सहा नंबरात निव्वळ झटकन जळणारी, सातात दोन्हींची मिसळ. वजनाला सगळी अचूक. मी जाऊन वॉल्टची बाही धरली आणि त्याला काट्याशी आणलं. त्यानं दोन्ही आकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि गालावरचे ठिपके जास्तच निळे दिसायला लागले.

"डबा पोचला?"

"काल."

त्यानं फोन लावला. खोलीत हॅलचा आवाज घुमला: "हॅल आणि डोरिस लाइनवर गेलेत." वॉल्ट त्या मशीनवर ओरडला, "काडतुसं उडवू नका. कुणीही असाल, उडवू नका." मग त्यानं तिथल्या पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसात, फोन केला, तेव्हा तिकडच्या माणसानं कुणालातरी पाठवतो म्हटलं. पण त्या घराचा मालक वारलाय हे त्याला ठाऊक होतं, आणि तिथं कोण बंदूक उडवणार, असा त्याचा सूर होता. आम्ही वॉल्टच्या ट्रकमधून निघालो.  शेवटच्या कच्च्या रस्त्याला लागल्यावर वॉल्ट म्हणाला, "तो पन्नासपासून उलटा येतो. सातावर यायच्या आत गाठायचं." तो. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

धुकं होतं. घराची दारं बंद, पडदे ओढलेले, अंगणात पानं साचलेली. वॉल्टनं दार ठोठावलं. तेवढ्यात घरामागून बार ऐकू आला, आणि पाठोपाठ टेकडीवरून त्याचा पडसाद.

वॉल्टची कंबर त्याला पळू देईना. "तू जा," तो म्हणाला. "मागून जा. कानांवर झाकणं असतील, हाक ऐकू जाणार नाही."

मी त्या रेल्वेच्या पट्टीवरून निघाले. पायाखाली खडी, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, पुढचं वीस पावलांपलीकडे दिसत नव्हतं. दुसरा बार झाला, मग तिसरा. मी मनात आकडे मोजत होते आणि तेही जमत नव्हतं. आधीचे किती झाले होते ते कुठं माहीत होतं? आता उडालं ते तिसावं की नववं? दोन बारांमध्ये अंतर अगदी एकसारखं होतं. हॅलचं अंतर. त्याची घाई न करण्याची शिस्त मला पुंगळ्यांवरून पाठ होती. मी पळायला लागले. चौथा बार झाला. पाचवा झाला, आणि तो वेगळा होता. कोरडा, कडक, आधीच्यांपेक्षा वरच्या पट्टीतला.

त्यानंतर काही नाही.

मी पळत राहिले आणि कान पुढच्या बारासाठी टवकारलेले. अंतर संपलं, दुप्पट झालं, तरी बार होईना. देवा, बार होऊ दे, असं मी म्हणत होते, आणि दुसऱ्या श्वासाला, होऊ नको देऊस. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

धुक्यातून आधी करडी टोपी दिसली. मग हॅलचा ताडपत्रीचा कोट. जमिनीवर शेजारी शेजारी दोन चटया अंथरल्या होत्या. एकीवर बंदूक दोन पायांवर टेकलेली, मागे तो कोटातला माणूस उठून बसलेला, पाठमोरा. दुसरी चटई रिकामी, तिच्यावर एक पानसुद्धा पडलेलं नव्हतं, कुणीतरी आत्ताच झाडली असावी तशी.  त्या माणसानं कानांवरची झाकणं काढली आणि वळून पाहिलं.

डोरिस होती.

"नॅली," ती म्हणाली. तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नव्हतं. तिच्या हातात उडवलेली पुंगळी होती. तिनं ती माझ्यापुढे धरली. "बरं झालं आलीस. हे बघ. बोल्ट उघडायला तळहातानं ठोकावं लागलं. टोपी बघ कशी सपाट झालीय. म्हणून थांबले. हे तुझ्या हातचं नाही. तुझ्या डब्यात दुसऱ्या कुणाचं आलंय."

मी नंबर पाहिला. सात. डब्यात सहा उरली होती. सहावं उडालं असतं तर बंदूक फुटली असती, आणि तिचा गाल त्या बंदुकीला टेकलेला असता.

कुणी दुसऱ्यानं भरलं, असं मी म्हणू शकले असते. ती पळवाट तिनंच मला देऊ केली होती. तिची खात्री होती.

"ते माझंच आहे," मी म्हटलं. "उरलेली सहाही माझीच आहेत." आणि हॉपरपासून सगळं सांगितलं. मधेच मी रडायला लागले, ते थांबेना.

तिनं उरलेली सहा काडतुसं एकेक करून माझ्या जाकिटाच्या खिशात घातली. मग खडीवर पावलं वाजली आणि वॉल्ट आला, धापा टाकत. तिला पाहून त्यानं टोपी काढली. "डोरिस, आम्हाला वाटलं..." 

"ॲरिझोनात तीन आठवडे काढले," ती म्हणाली. "मुलगी माझ्याशी सावकाश बोलते, मी बहिरी असल्यासारखी. परत आले."

"म्हणजे जूनपासून तूच..."

"जूनपासून?" ती किंचित हसली. "वॉल्ट, हॅलचा उजवा डोळा २००३च्या वसंतात गेला. डावा त्याच्या मागोमाग. चालण्यापुरतं त्याला कडेनं दिसायचं, पण निशाणाच्या जागी नुसतं धुकं. तेव्हापासून त्यानं एक गोळी झाडलेली नाही. तो इथं शेजारी पडून वारा ऐकायचा आणि मला सांगायचा. चिठ्ठ्या पहिल्यापासून माझ्याच. डबा मात्र तो नेणार. तुझ्या दुकानात जाऊन काउंटरवर ठेवायला त्याला फार आवडायचं. तेवढं मी त्याच्याकडून कसं काढून घेणार? आणि तो गेल्यावर मी नाव बदललं असतं, तर तो खराच गेला असता."

२००३. बाकावर टाचून ठेवलेली ती सगळी निशाणं, ज्यांचं श्रेय मी स्वतःकडे घेतलं होतं. पितळानं मला चार महिने एकच गोष्ट सांगितली होती: माणूस बदललेला नाही. ते खरं बोलत होतं. ट्रकमध्ये बसलेल्या बाईला मी खिडकीतून हात करायचे, त्याच्या पलीकडे ती कोण, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि मला मात्र बाई म्हणून कुणी कमी लेखलं की मी चिडायचे.

मी म्हटलं, उद्यापासून दुसरं कुणी भरेल.  वॉल्टनं मला काढलंही असतं, आणि त्याचं चुकलं नसतं.

"पुढच्या शनिवारी पन्नास," डोरिस म्हणाली. "दुसऱ्या कुणाची नकोत."

"मग पहिलं काडतूस उडेल तेव्हा मी इथं असेन," मी म्हटलं. "तुझ्या शेजारी. तोंड बंदुकीशी ठेवून."

तिनं रिकाम्या चटईकडे पाहिलं. मग मानेनंच हो म्हटलं.

त्या आठवड्यात मी हॉपर तीनदा उघडून बोटानं तपासलं. वॉल्ट प्रत्येक वेळी शेजारी उभा होता. शनिवारी सकाळी ऊन होतं, वारा डावीकडून. श्रीकांतला मी फक्त उत्तरेला जातेय म्हटलं होतं. साडीचा पदर खोचून मी हॅलच्या चटईवर पालथी पडले. डोरिसनं पन्नास नंबरचं काडतूस खूण वर करून आत सरकवलं, बोल्ट बंद केला आणि गाल टेकवला. माझा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. मी डोळे मिटणार नाही असं ठरवलं होतं.

माझ्या बाजूच्या कानावरचं झाकण वर करून ती थांबली. मला वाटलं वाऱ्यासाठी.

"फार मोठ्यानं श्वास घेतेस," नेमावरून नजर न काढता ती म्हणाली. "हॅल असा आवाज करत नाही."

मी श्वास धरला, तिनं झाकण खाली केलं. बार झाला. तिनं हात नेला आणि बोल्ट दोन बोटांनी उघडला, सहज, लोण्यातून जावा तसा. पुंगळी माझ्यापुढे चटईवर पडली. मी ती उचलली नाही. उरलेली एकोणपन्नास होईपर्यंत मी तिथून हलले नाही.